आमचं दुकान रेघेत आलं

मार्च २०२३. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून पेठेतले कापडवाले काका आले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. "याच्या दहा काढ गं," म्हणाले. मी कात्रण काचेवर पालथं ठेवलं, झाकण लावलं आणि पहिली प्रत बाहेर आली तशी गरम गरम वाचायला घेतली. शहराचा प्रारूप सुधारित विकास आराखडा, म्हणजे डीपी, प्रसिद्ध झालाय, नकाशे नगरपरिषदेच्या सभागृहात लावलेत, हरकती आणि सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात.

"यात आपलं काय?" मी विचारलं.

"आपलं काय म्हणजे? पेठेतला रस्ता पंधरा मीटर झाला. तू, मी, सगळे गेलो डीपीत."

आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान जुन्या पेठेत आहे. वेशीतून आत आलं की डाव्या हाताला, पाराच्या वळणावर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर पत्रा. चौदा फूट दर्शनी, साधारण चौतीस फूट खोल. गाव ब वर्ग नगरपरिषदेचं, म्हणजे सगळेजण सगळ्यांना ओळखतात, पण काम मात्र कुणाचंच ओळखीवर होत नाही एवढं मोठं.

दुपारी दुकान जावेच्या हवाली करून नगरपरिषदेत गेले. सभागृहात भिंतीला नकाशे टाचलेले, खाली पंख्याच्या वाऱ्यानं त्यांची टोकं फडफडतायत, आणि पन्नासेक माणसं बोटं ठेवून आपापलं घर शोधतायत. नकाशात घर सापडणं ही साधी गोष्ट नाही. तिथे दुकानाचं नाव नसतं, सिटी सर्व्हे नंबर असतो, आणि तो निम्म्या लोकांना पाठ नसतो. मला होता, कारण गावातल्या मिळकत पत्रिकांच्या प्रती माझ्याच मशीनवर निघतात. आमचा नंबर सापडला तेव्हा त्याच्या अंगावरून एक तांबडी रेघ गेलेली होती. कडेवरून नव्हे, चांगली मधोमध.

शेजारी उभ्या माणसाला मी विचारलं, ही रेघ नेमकी कुठे येते? तो म्हणाला, "रेघ ती रेघ." हे मात्र मला पटलं नाही. नकाशावर १:२५०० असं प्रमाण लिहिलेलं होतं. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अडीच मीटर. अर्ध्या मिलिमीटरची नुसती रेघ काढली तरी तिची जाडी सव्वा मीटर भरते. आमचा गल्ला सव्वा मीटरचा आहे. त्या रेघेच्या अलीकडच्या कडेला आम्ही की पलीकडच्या, यावर गल्ला राहतो की जातो हे ठरणार होतं.

घरी सांगितलं तर सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. नंतर एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी याच्यापायीच माडी नाही चढवली." मागच्या, नव्वदच्या दशकातल्या आराखड्यातही पेठ रुंद होणार होती, तेव्हा बारा मीटर. मामंजींना बांधकाम परवानगीच्या खिडकीवर सांगितलं गेलं, पुढचा भाग रस्त्यात आहे, तेवढा सोडून काय ते बांधा. तेवढा सोडून बांधण्यासारखं उरत नव्हतं. मग रस्ता होऊ दे, मग बघू, असं करत पत्रा राहिला. रस्ता झालाच नाही. मामंजी २०११ मध्ये गेले आणि दर आषाढात पेपरच्या रिमांवर प्लॅस्टिक आंथरायचं काम माझ्याकडे आलं. एमआरटीपी कायद्यात, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्यात, कलम १२७ आहे : आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यायची, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण सुटतं. हे मला २०२३ मध्ये कळलं. मामंजींना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण पेठेत असलं ज्ञान फुकट कुणी वाटत नाही.

आता हरकत लिहायची. इथे माझ्या धंद्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या वकिलानं शिकवलं नसतं, कारण अख्ख्या गावाच्या हरकती माझ्या काचेवरून गेल्या. व्यापाऱ्यांच्या एका पुढाऱ्यानं छापील मजकूर आणला. "सदर आराखडा अन्यायकारक असून आमचा त्यास तीव्र विरोध आहे." खाली नाव आणि सही करायला जागा. तीनशे प्रती. त्यात सर्व्हे नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, काय बदलून हवं ते नाही. मी भीत भीत म्हटलं, "दादा, नंबर टाकायला एक ओळ ठेवा की." ते म्हणाले, "वहिनी, संख्या महत्त्वाची." मी तीनशे प्रती काढून दिल्या. पैसे खात्यावर मांडायला सांगितले त्यांनी.

याउलट एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब रोज एक-एक कागद घेऊन यायचे. त्यांची हरकत दीड पानाची, पण सोबत मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, भाग नकाशा (आराखड्याचा आपल्या जागेपुरता उतारा), चार फोटो. त्यांनीच मला शेवटची ओळ दाखवली : "मला समक्ष सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती." म्हणाले, "ही ओळ विसरायची नाही. ज्यानं सुनावणी मागितली त्याला बोलवायचं बंधन आहे कायद्यात." मी त्या छापील तीनशे कागदांची एक प्रत मशीनशेजारच्या रद्दीतून काढून पाहिली. ती ओळ नव्हती.

माझी अडचण वेगळीच होती. मिळकत पत्रिकेवर अजून मामंजींचं नाव. वारस नोंद बारा वर्षं राहून गेलेली. आवक खिडकीवरचा बाबू म्हणाला, "मालकाची सही आणा." मी म्हटलं, मालक नाहीत. "मग मालक झाल्यावर या." रडू यायच्या बेतात होते. भाऊसाहेब हसले. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असं म्हटलंय, म्हणाले. पागडीचा भाडेकरू देऊ शकतो, पारावर भाजी विकणारी देऊ शकते. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य कलमाच्या प्रतीवर पिवळ्या पेनानं रंगवून खिडकीत सरकवलं. बाबूनं वाचलंच नाही, पण शिक्का मारला. (वारस नोंदीचा अर्जही त्याच आठवड्यात टाकला. त्याला सात महिने लागले. ती वेगळी रडकथा.)

हरकत लिहिण्याआधी आम्ही पेठ मोजली. रविवारी सकाळी सहाला, हातगाड्या लागायच्या आत. मी, माझा नवरा आणि तीस मीटरची टेप. वेशीपासून पारापर्यंत दर दहा पावलांवर माप. कुठे साडेसात, कुठे साडेआठ, आमच्या दारात बरोबर आठ मीटर. पंधरा करायचे तर सात मीटर हवेत. दोन्ही बाजूंनी सारखे घेतले तर साडेतीन-साडेतीन. पण भाग नकाशावर पट्टी लावली तर पाराच्या वळणावर समोरून सव्वाएक मीटर आणि आमच्याकडून जवळजवळ पावणेसहा. म्हणजे चौतीस फुटांतले एकोणीस फूट. उरलेल्या पंधरा फुटांत मागची मोरी आणि एक खोली.

पेठेत लगेच बोभाटा झाला, समोरच्यांनी रेघ वाकवून घेतली. मीही ते बोलले, खोटं कशाला सांगू. चार दिवस समोरच्या मेडिकलवाल्याशी धड बोलले नाही.

मोबदल्याचंही जमेल तेवढं समजून घेतलं. कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत. संमतीनं पैसे घ्या, किंवा जागेच्या बदल्यात एफएसआय (आपल्याच उरलेल्या जागेवर जादा बांधकामाचा हक्क) वा टीडीआर (तोच हक्क दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा कागद) घ्या, किंवा नगरपरिषदेनं शासनाकडून भूसंपादन करून घ्यावं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं गेलं तर शहरात बाजारमूल्य आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट. यामुळेच कुठलीही छोटी नगरपरिषद त्या वाटेला सहजी जात नाही, तिच्याकडे तेवढे पैसेच नसतात. मग टीडीआर पुढे केला जातो. पुण्यात तो कागद विकला जातो, तिथे बिल्डरांची रांग आहे. आमच्या गावात तो घेणार कोण? आणि उरलेल्या पंधरा फुटांवर जादा एफएसआय मिळाला तरी जिना कुठे घालू?

आणखी एक. आमच्या नगरपरिषदेची मुदत संपून गेलेली, निवडणूक लांबलेली, कारभार प्रशासकाकडे. एरवी पेठेत काही झालं की नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन आरडाओरडा करायची सोय असते. त्यानं काही होत नाही, पण मन हलकं होतं. तेव्हा तीही सोय नव्हती.

शेवटच्या दिवसाचा घोळ सांगायलाच हवा. बऱ्याच जणांनी तीस दिवस पेपरातल्या जाहिरातीपासून मोजले. मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून चालते. दोन्ही तारखांत फरक होता, त्यामुळे शेवटच्या दुपारी माझ्या दुकानापुढे रेशनसारखी रांग. मशीन तापून बंद पडलं. उन्हात पुठ्ठ्यानं वारा घालत होतो आम्ही मशीनला. काही कागद पोचले, काही नाही. मी माझी हरकत नऊ दिवस आधी दिली होती आणि पोचेवर आवक क्रमांक, तारीख, सही, तिन्ही घेतलं होतं. त्या पोचेच्या मी पाच प्रती काढल्या. फुकटात असल्यामुळे.

ऑगस्टमध्ये सुनावणीचं पत्र आलं, तारखेच्या दोन दिवस आधी. नियोजन समितीत कायद्याप्रमाणे स्थायी समितीचे तिघे आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जण असतात. आमच्या वेळी नगरसेवकच नसल्यामुळे समोर बसले होते ते सगळे नेमलेले. आधी छापील हरकती निघाल्या. "एकाच मजकुराच्या हरकती एकत्र नोंदवल्या आहेत," एवढं वाचून गठ्ठा बाजूला झाला. तीनशे कागद आणि दहा मिनिटं.

माझी पाळी आली. मी टेपची मापं लिहिलेला तक्ता ठेवला, फोटो ठेवले, आणि पाठ केलेलं बोलले : गावठाणात पंधरा नको, बारा ठेवा, आणि दोन्ही बाजूंनी सारखं घ्या, समोरच्यांना का सोडलं?

कडेला बसलेले एक पांढऱ्या केसांचे साहेब नकाशावर वाकले. "मॅडम, समोरच्यांना नाही सोडलं. पाराला सोडलंय. सरळ आखणी केली तर पिंपळ आणि मारुती दोन्ही जातात."

मी गप्प झाले. दर शनिवारी त्याच मारुतीला मी तेल घालते. फोटोत तो पार होता, मीच काढलेला, आणि पावणेसहा मीटरचा हिशेब करताना तो माझ्या डोळ्यांना दिसलाच नव्हता. मेडिकलवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

साहेबांनी मग विचारलं, "तुमच्या मागची गल्ली किती रुंद आहे?" ती मी मोजली नव्हती. पण रोज तिथूनच पाण्याचा टँकर येतो, म्हणजे टँकर जाईल एवढी. तेवढंच सांगितलं. म्हटलं, येणारी गाडी पेठेतून आणि जाणारी गल्लीतून केली तर पेठेला पंधरा लागणार नाहीत. हे माझं डोकं नव्हे, भाऊसाहेबांनी हरकतीत लिहिलं होतं, प्रत मीच काढलेली. साहेबांनी काहीतरी टिपलं. चार मिनिटांत मी बाहेर.

रस्ता मुळीच नको असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात भांडी गल्लीत आग लागली तेव्हा अग्निशमनची गाडी वेशीतच अडकली होती, पोरांनी बादल्यांनी विझवली. आठ मीटर कागदावर असतात. ओटे, पायऱ्या, माझा स्वतःचा 'येथे लॅमिनेशन करून मिळेल'चा बोर्ड, हे सगळं वजा केलं की पाच उरतात. तो बोर्ड मी त्या दिवशी आत घेतला.

पुढच्या वर्षी फेरबदलांची यादी लागली. आमच्या हरकतीपुढे 'अंशतः मान्य'. गावठाण हद्दीत पेठ बारा मीटर, पाराच्या जरा आधीपासून वळण, रुंदी दोन्ही बाजूंनी समान. आमच्या दारात आठाचे बारा म्हणजे दोन मीटर आमचे. साडेसहा फूट. गल्ला आणि पायरी जाते, मशीन वाचतं. आराखडा अजून शासनाच्या मंजुरीतून जायचा होता आणि तिथे पुन्हा बदल होऊ शकतो, हे भाऊसाहेबांनी बजावलं. तरी सासूबाईंनी त्या संध्याकाळी मारुतीला नारळ फोडला. कुणाच्या बाजूनं फोडला, ते मी विचारलं नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात, नगरपरिषदेच्या निवडणुका अखेर लागल्या तेव्हा, ते पुढारी दुकानात आले. हातात पत्रक. वर त्यांचा फोटो, खाली ठळक अक्षरात : "पेठ वाचवली! पंधराचे बारा करून दाखवले!"

"वहिनी, चारशे काढा. जरा काळपट येऊ द्या, फोटो उठून दिसतो."

मी वही उघडली. मार्च २०२३, तीनशे प्रती, बाकी. "आधीचे द्या दादा, मग सुरू करते."

त्यांनी दिले. रोख.