नावे झाकलेले फोटो

आमच्या पक्षीछायाचित्रण मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अहवालवाचन होई, पदाधिकारी निवडले जात, आभारही मानले जात. पण मला आठवते ती पहिल्या दिवसाची संध्याकाळ. सभागृहाचे पडदे ओढले जात आणि सभासदांनी आणलेले लहान पक्ष्यांचे फोटो, प्रत्येकाचा एकच, छायाचित्रकाराचे नाव न सांगता पडद्यावर दाखवले जात. फोटो ज्याचा असेल त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही आणि 'छान आहे' एवढेच म्हणून कोणी खाली बसायचे नाही, असे दोन नियम होते. गेल्या वर्षीचाच फोटो सुधारून पुन्हा आणायला मात्र मुभा होती, आणि मग जुना व नवा शेजारी शेजारी दाखवत.

पहिल्या वर्षी मी जांभळ्या शिंजिराचा फोटो नेला होता. उन्हात त्याच्या पिसांवर निळी-जांभळी झाक उतरली होती, चोच माझ्याकडे वळलेली होती आणि मनातून मी बक्षीस घेऊन मोकळाही झालो होतो. मंडळातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सारे काकाच म्हणत असू, उठून पडद्याजवळ गेले आणि पक्ष्याच्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "चोचीचं टोक अगदी रेखीव आलंय, डोळा मात्र धूसर आहे. माणूस आधी डोळ्याकडेच बघतो हो." मग त्यांनी हिशेब मांडला : ४०० मिलिमीटरची लेन्स, पक्षी चार मीटरवर आणि लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ ५.६ या मापाचे असेल, तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. फोकस चोचीच्या टोकावर बसला तर त्या पट्ट्याचा निम्मा भाग चोचीपुढच्या हवेतच वाया जातो आणि उरलेला डोळ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. मी नियमाप्रमाणे गप्प होतो; नियम नसता तरी बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

दयाळाचा नर दरवर्षी कोणीतरी आणतच असे, आणि दरवर्षी त्याच्यावरून तीच अडचण निघे. काळ्या पाठीतला तपशील दिसावा म्हणून प्रकाश वाढवला की पोटाचे पांढरे इतके जळते की तिथे पिसे होती हेही कळत नाही. तसे जळलेले पांढरे पुढे संगणकावर परत आणता येत नाही, अंधारात गेलेले काळे मात्र थोडेफार वर काढता येते, म्हणून टिपतानाच पांढरे सांभाळावे, यावर सर्वांचे एकमत असे. एकमत व्हावे असे तेवढेच. पार्श्वभूमीतली आडवी काडी पुसून टाकावी की नाही, यावर एका वर्षी एवढा वाद पेटला की पुढचे सात-आठ फोटो दुसऱ्या दिवसावर ढकलावे लागले. एक बाई अखेर वैतागून म्हणाल्या, "काडी पुसायला घालवलेला वेळ पुढच्या वेळी अर्धं पाऊल डावीकडे सरकायला द्या ना!" मी आजही त्यांच्याच बाजूचा आहे. घरट्याजवळ टिपलेला फोटो मात्र वादालाच घेतला जात नसे. फोटोसाठी घरट्यापुढची पाने बाजूला केली की पिल्ले उन्हाच्या आणि शिकाऱ्याच्या तोंडी जातात, एवढे एकदा सांगून तो बाजूला काढला जाई.

मला सर्वांत जास्त शिकवले ते राखी वटवट्याने. शेपटी उभारून तो गवताच्या काडीवर बसला होता, डोळा या वेळी लख्ख होता, तरी कोणीतरी म्हणाले की हा फोटो उभ्याने काढलेला आहे. खरेच होते. वरून पाहिल्यामुळे पक्ष्याच्या मागे लगेच जमीन येत होती आणि तिच्यावरची प्रत्येक काडी त्याच्याशी स्पर्धा करत होती. पुढच्या वर्षी मी पोटावर पडून, लेन्स त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणून तसाच फोटो घेतला, तेव्हा मागची जमीन खाली गेली, दूरचे गवत तेवढे मागे राहिले आणि त्याचा एकसंध हिरवा पडदा झाला. त्यावर तक्रार आली ती संगणकावर फोटोची धार वाढवण्याच्या माझ्या हौसेबद्दल : पक्ष्याच्या कडेने बारीक पांढरी किनार उमटली होती. ती मला घरी तासन्तास बसूनही दिसली नव्हती, आणि एकदा दाखवल्यावर दुसरे काही दिसेना.

एका वर्षी चष्मेवाल्याचा एक फोटो पडद्यावर आला. डोळ्याभोवतीचे पांढरे कडे, त्यातली चमक, पाठीचा हिरवा रंग, सारे जिथल्या तिथे होते. पण वरच्या उजव्या कोपऱ्यात पानांमधून आलेला आभाळाचा एक पांढरा तुकडा राहून राहून नजर ओढून घेत होता. मी उठून तसे सांगितले. दिवे लागल्यावर कळले की फोटो काकांचा होता. ते वही घेऊन माझ्याजवळ आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "कुठला कोपरा म्हणालात?" पुढच्या वर्षी दोन्ही फोटो शेजारी शेजारी आले. नव्यात तो कोपरा कापलेला होता, आणि तो कापताना काकांनी चोचीपुढची जागा इतकी आवळली होती की पहिल्याच रांगेतून तीन हात वर झाले.