मामांची आरडी, पसरणी आणि आंबेनळी

मामांनी किल्ली दिली ती दोन सूचनांसकट. "चढाला पाच हजार आरपीएमच्या खाली तिला ओढायला लावू नकोस. आणि उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून बसू नकोस रे, मधूनमधून रेस देत राहा."

मामांची गाडी म्हणजे १९८५ची राजदूत ३५० मोटरसायकल, हाय टॉर्क, म्हणजे जास्त ताकदीचं मॉडेल. टाकीवर राजदूत लिहिलेलं असलं तरी आमच्या घरात तिला कुणी राजदूत म्हटलेलं मला आठवत नाही. ती आरडीच, यामाहाच्या मूळ आरडी ३५०वरून. यामाहाने ही गाडी जपानमध्ये १९७३ साली काढली. पुढे १९७६मध्ये आरडी ४०० आली आणि तिकडे या ३५०चा जमाना संपला. आपल्याकडे मात्र ती १९८३मध्ये उगवली, यामाहाच्या परवान्याने, एस्कॉर्ट्सच्या फरिदाबादच्या कारखान्यातून. रस्त्यावर तेव्हा १८ बीएचपी ताकदीची बुलेट ही मोठी गाडी. त्यात ३०.५ बीएचपीची, सहा गिअरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आली तेव्हा तरण्या पोरांचं काय झालं असेल, ते मामांच्या डोळ्यांत अजून दिसतं.

डिसेंबरातल्या शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. पुणे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर. चोक ओढला, दुसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि गल्लीत तो ओळखीचा टू-स्ट्रोकचा वास पसरला. पहिली दहा-बारा किलोमीटर मी तिला हळूच नेली. एअर-कूल्ड इंजिन आहे, थंडीत ते नीट तापू द्यायला हवं. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर हात मोकळा सोडला.

खंबाटकी घाटात मामांची पहिली सूचना कळली. तिसऱ्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर, गाडी चढत होती, पण मन लावून नव्हे. एक गिअर खाली टाकला, काटा पाच हजारांपुढे सरकला आणि गाडी उठली. हा 'उठणं' शब्द आरडीवाल्यांचा आहे आणि तोच बरोबर आहे. आवाज बदलतो, मघाची फटफट एका सलग सुरात मिसळते आणि पाठ मागे खेचली जाते. इंजिन ३४७ सीसीचं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६४ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, फक्त ५४. यामाहाच्या टीझेड ३५० या रेसिंग गाडीचंही माप हेच. म्हणजे इंजिनाचं घराणंच वरच्या आरपीएमला फिरण्याचं. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये रीड व्हॉल्व्ह आहेत. पातळ पत्र्याच्या पाकळ्याच त्या, आत जाणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण उलटं बाहेर येऊ देत नाहीत. त्यामुळे खालच्या आरपीएमलाही ती अगदीच मरगळत नाही, शहरात चालवता येते. पण तिचा खरा जीव वरच आहे.

जपानी आरडी ३९ बीएचपीची होती. इथे ती ३०.५वर आणली, नंतरच्या लो टॉर्कमध्ये २७वर. पेट्रोल जास्त पिते ही तेव्हाची मोठी तक्रार होती, तिच्यासाठी केलेली ही काटछाट. मला या काटछाटीचं वाईट वाटतं. १९८५मध्ये शंभर सीसीची फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० आली, आणि लिटरमागे किलोमीटर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला २७ बीएचपीची आरडीसुद्धा उधळीच वाटणार होती. मग तिला निदान पूर्ण ताकदीची तरी ठेवायची!

सुरूर फाट्याला वळून वाई गाठली, ढोल्या गणपतीला नमस्कार केला आणि घाटावर बसून चहा घेतला. मग पसरणी. घाटात ऊन आलं तेव्हा खाली धोमचं पाणी चकाकत होतं. वळणं अशी की दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. गाडी अंगाने सडपातळ, नुसत्या गुडघ्याने सांगितलं तरी वळते. तो अर्धा तास मी आयुष्यभर विसरणार नाही.

पुढे वेण्णा लेकपाशी गाड्यांची रांग लागली. वीस मिनिटं पहिल्या गिअरमध्ये, क्लच धरून. टू-स्ट्रोकला हे मानवत नाही. आवाज एकदम पोकळ झाला, ताकद अर्ध्यावर आली. एक सिलिंडर बंद पडला होता. कुठला? बाटलीतल्या पाण्याचे थेंब सायलेन्सरच्या दोन्ही बेंड पाइपवर टाकले. उजवीकडचे चर्र करून उडाले, डावीकडचे नुसते ओघळले. डावीकडचा प्लग काढला तर तो काळा, ओला, तेलाने माखलेला. मामांनी सीटखाली फडक्यात गुंडाळून दोन नवे बी८एचएस प्लग ठेवले होते. त्यातला एक हाताने पेच बसेपर्यंत फिरवला, मग पान्याने आवळला. पहिल्याच किकला दोन्ही बाजू बोलू लागल्या.

आंबेनळी उतरताना दुसरी सूचना. आरडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही. ऑइलची टाकी वेगळी आणि ऑटोल्यूब पंप वेगळा. ॲक्सिलरेटरची केबल पुढे जाऊन तीन ठिकाणी फुटते, दोन कार्ब्युरेटरकडे आणि एक या पंपाकडे. म्हणजे मूठ सोडली की पंपही हात आखडतो. लांब उतारावर चाकं इंजिनाला जोरात फिरवत असतात आणि ऑइल मात्र थेंबाथेंबाने येतं. पिस्टन जाम व्हायला एवढं पुरतं. म्हणून दर दोन-तीन वळणांनंतर क्लच दाबून एक रेस, परत एक रेस.

ब्रेकचं दुखणं वेगळं. जपानी गाडीला पुढे डिस्क होती, आपल्या गाडीला ड्रम दिला. दोन्ही लायनर पुढून पकडणारा चांगला ड्रम आहे, पण टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवरच येतो. वाडा कुंभरोशीच्या खाली लिव्हर मुठीच्या जवळजवळ यायला लागली. थांबलो. पुढच्या हबजवळ हात नेला तर झळ लागली. पंधरा मिनिटं प्रतापगडाकडे बघत बसलो, ड्रम निवला तशी लिव्हर परत जागेवर आली. ही गाडी घेऊन आंबेनळी उतरणाऱ्याने हा थांबा आधीच धरून ठेवावा.

पोलादपूरला टाकी परत काठोकाठ भरली. साधारण १६० किलोमीटरला साडेसात लिटर, म्हणजे लिटरला एकवीस. घाट, गर्दी आणि माझा उत्साह धरून मला हे पेट्रोल मुळीच जास्त वाटलं नाही.

मामांचा फोन आला. "पोचलास ना? इंजिन गार झालं की प्लग काढून बघ, आणि रंग सांग मला."

झाडाच्या सावलीत गाडी लावली, अर्धा तास थांबलो आणि दोन्ही प्लग काढले. नव्याची टोकं अजून पांढरी होती, त्याने फारसा रस्ता पाहिलेला नव्हता. उजवीकडचा, सकाळी पुण्यापासून चाललेला, छान बदामी, म्हणजे इंजिन ठीक.

"बदामी आहे, मामा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "परत येताना वरंधा घाटाने ये."