धोट्यांची शेड आणि भिंतीला टेकवलेले सात बोर्ड

आमच्या शेडमध्ये शिरलं की डाव्या हाताला भिंतीला सात स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर उभं राहून घसरायच्या फळ्या, टेकवून ठेवलेत, ते विकायचे नाहीत. येणारा माणूस आधी तिकडंच जातो, एखादा उचलतो, किंमत विचारतो, आणि मग मला सांगावं लागतं की आम्ही बोर्ड बनवतो खरे, पण हे सात बनवायला शिकताना बनवलेले आहेत. यातला एक कायमचा वाकलाय, एकाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, उकललंय, एक इतका कडक झालाय की माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाला तो वळवताच येत नाही. आमची वाटचाल लिहून काढ असं बरेच जण कधीपासून म्हणतायत, तर ती या सातांपासूनच लिहायला पाहिजे.

शेड सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९८४ ला सुरू केली तेव्हा इथं फक्त यंत्रमागाचे धोटे बनायचे. नवीन पोरांना धोटा म्हणजे काय माहीत नसतं म्हणून सांगतो, बाण्याची कांडी पोटात घेऊन ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. त्याच्या अंगावर एक बारीक कुसळ जरी राहिलं तरी धागे तुटतात, चादरीत फॉल्ट येतो आणि मागवाला दुसऱ्या दिवशी दारात. म्हणून अण्णा प्रत्येक धोटा डोळे मिटून अंगठ्यानं तपासायचे, अजूनही काहीही हातात दिलं की आधी अंगठा फिरवतात.

मग बिनधोट्याचे रेपियर माग आले. एकदम काही बंद पडलं नाही, पण ऑर्डर दरवर्षी कमी होत गेली, आठ माणसांची चार झाली. आम्ही एक जुना प्रेस घेतला आणि शाळेच्या बेंचांचे, खुर्च्यांचे वाकवलेले प्लायचे पाठ दाबायला लागलो. पोट आजही त्याच्यावरच चालतं, हे सांगायला मला काहीच वाटत नाही. प्लायचे थर, मधे डिंक, वरून दाब, साच्याचा आकार, हे सगळं हातात बसलं ते त्या बेंचांमुळंच.

बर्फाशी संबंध आला तो मामांमुळं. मामांचा टेरी टॉवेलचा धंदा, काश्मीरच्या हॉटेलांना माल जायचा, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत वसुलीसाठी ते मला सोबत घेऊन गुलमर्गला गेले. सकाळी हॉटेलवाला म्हणाला मालक दुपारी येतील तोवर फिरून या, म्हणून गोंडोल्यात, म्हणजे तिथल्या केबल कारमध्ये, बसून आम्ही वर कोंगडोरीच्या उतारावर गेलो. तिथं एक साठीचा परदेशी माणूस बोर्डावरनं येत होता. बाकीचे बोर्डवाले बर्फ उडवत घसरत येतात, हा घसरत नव्हताच, बोर्ड एका एजवर, म्हणजे कडेवर, उभा करून कापत येत होता, स्वतः इतका आडवा की हात बर्फाला लागतोय, आणि मागं फक्त एक बारीक रेघ, डावीकडं वळून उजवीकडं, परत डावीकडं. मला धोटा दिसला. खरंच सांगतो, मी मामांना तिथंच म्हणालो की मामा हा बघा धोटा चाललाय. मामा म्हणाले चल वसुलीचं बघू.

त्या माणसानं संध्याकाळी मला बोर्ड हातात घेऊ दिला. नेहमीच्या स्नोबोर्डपेक्षा अरुंद, कमरेला जेमतेम वीस सेंटिमीटर, आणि बूट मऊ नाहीत, स्कीसारखे कडक प्लास्टिकचे, पाय आडवे न ठेवता पुढच्या दिशेला ५५-६० अंशात वळवलेले. कारण सोपं आहे, बोर्ड इतका कलवायचा तर बुटाचा अंगठा किंवा टाच बाहेर आली की ती बर्फाला घासणार आणि माणूस उडणार. मी कडेवरून अंगठा फिरवला आणि थर मोजले. खाली प्लास्टिकचा बेस, स्टीलचा एज, ग्लास फायबर, मधे लाकडाच्या उभ्या पट्ट्या, परत ग्लास, वर शीट. बेंचाचा पाठच की हो! असं मला त्या दिवशी वाटलं, पुढं बनवायला लागल्यावर कळत गेलं की तसं नाही.

शिकलो मी गुलमर्गलाच, दर हिवाळ्यात दहा-बारा दिवस. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की निघायचं, कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून जम्मू, बोर्डांची पिशवी बर्थखाली मावत नाही म्हणून टीसीशी दरवेळी नवीन चर्चा. गुलमर्गजवळच्या टंगमर्गचा एक इन्स्ट्रक्टर दोस्त झाला, तो मला भाईजान म्हणतो, मी त्याला उस्ताद. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकच्या एस्टर लेडेत्स्कानं आधी स्कीवर सुपर-जी ही शर्यत जिंकली, तीसुद्धा एका शतांश सेकंदानं, आणि आठवड्यानं स्नोबोर्डवर पॅरलल जायंट स्लालम ही शर्यतही जिंकली, ते आम्ही दोघांनी फोनवर बघितलं. उस्ताद म्हणाला असा बोर्ड इथं कुणाकडंच नाही, तू लाकूडवाला आहेस ना, बनव. त्याच उन्हाळ्यात पहिला बोर्ड दाबला.

उन्हाळ्यात दाबला हीच पहिली चूक. सोलापूरचा मे म्हणजे शेडमध्ये ४३ डिग्री, आणि इपॉक्सी, म्हणजे थर चिकटवायचं रेझिन, हे उष्णतेनं पेटणारं काम. डब्यावर २५ डिग्रीला चाळीस मिनिटं मिळतील असं लिहिलेलं, आमची बादली पंधराव्या मिनिटाला हाताला चटका द्यायला लागली आणि विसाव्या मिनिटाला धूर. दोन किलो रेझिन दगड होऊन बादलीसकट गेलं. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा डिग्रीनं वाढलं की रेझिन दुप्पट वेगानं बसतं, आणि बादलीत ढीग करून ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेनं अजून तापतं, म्हणून आता आम्ही ते पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं कालवतो. आणि बोर्ड भरायचं काम पहाटे चारला. मिस्त्री साडेतीनला येतात, आई सगळ्यांना चहा देते, साडेपाचपर्यंत प्रेस बंद झालाच पाहिजे. प्रेस म्हणजे दोन जाड लोखंडी चौकटी आणि त्यांच्या मधे जुने अग्निशमनचे कॅनव्हासचे पाइप, त्यात कॉम्प्रेसरनं हवा भरली की सगळीकडं सारखा दाब येतो. जगभर बरेच छोटे बोर्डवाले हीच युक्ती वापरतात.

लाकूड म्हणाल तर पॉप्लर, जे यमुनानगरला प्लायसाठी भरपूर येतं. हलकं, सरळ रेषांचं, आणि सोलापूरची कोरडी हवा इथं आमच्या कामाला येते कारण पट्ट्या महिनाभर शेडमध्ये उभ्या ठेवल्या की छान सुकतात. एजच्या बाजूला आणि बूट अडकवायच्या बाइंडिंगच्या स्क्रूखाली मात्र कडक लाकूड लागतं, तिथं आम्ही बीच घालतो.

ग्लासचं मला सगळ्यात लवकर कळलं आणि ते आमच्या विणकर शेजाऱ्यांमुळं. मी आधी साधं विणलेलं ग्लास कापड आणलेलं. शेजारच्या कारखान्यातले काका, तीन पिढ्या मागावर, त्यांनी ते बोटानं ओढून बघितलं आणि म्हणाले यात धागा वरखाली जातोय, ताण आला की आधी हा सरळ होणार, मगच जोर धरणार. अगदी बरोबर. बोर्डासाठी न विणता नुसतं टाचून घेतलेलं कापड मिळतं ज्यात धागे सरळ पडलेले असतात, एक थर लांबीत आणि दोन थर ४५ अंशात तिरके. लांबीतले धागे बोर्डाला वाकायला विरोध करतात आणि तिरके धागे पिळ बसू देत नाहीत. पीळ महत्त्वाचा, कारण एजवर उभा असताना नाक पिळलं गेलं तर पकड सुटते.

तीन नंबरचा बोर्ड वाकलाय तो धातूमुळं. रेसच्या बोर्डांमध्ये टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पातळ पत्रे घालतात, साधारण अर्धा मिलिमीटरच्या आतले, स्वित्झर्लंडच्या केसलरच्या बोर्डांमुळं ही गोष्ट सगळीकडं पसरली. पत्र्यानं बोर्डाचा थरथराट मरतो. मला टायटॅनल मिळेना म्हणून मी बाजारातला साधा ॲल्युमिनियमचा पत्रा घातला. गुलमर्गला दुसऱ्याच रनला, म्हणजे उतारावरच्या फेरीला, एका खळग्यात नाक गेलं, बोर्ड वाकला आणि परत आलाच नाही. साधा पत्रा एकदा वाकला की वाकला, त्याला परत फिरायची ताकद नसते. पुढं खरा पत्रा मागवला तर व्यापाऱ्यानं ओरखडे पडलेला, बोटांचे तेलकट ठसे असलेला माल पाठवला आणि फोन उचलायचा बंद झाला. धातूला इपॉक्सी धरायची तर पृष्ठभाग स्वच्छ पाहिजे, खरडून, पुसून, प्राइमर लावून, मधे रबराचा पातळ थर देऊन. ते न जमल्यानं चार नंबरचं नाक उकललं.

आणि थंडी! ४० डिग्रीत बनवलेला बोर्ड उणे दहात गेला की स्टील, धातू, लाकूड, ग्लास, बेसचं प्लास्टिक, प्रत्येकजण आपापल्या मापानं आकसतो आणि प्लास्टिक सगळ्यात जास्त. शेडमध्ये सपाट असलेला बेस गुलमर्गला मधे खोलगट झालेला, एज दोन्हीकडून वर, बोर्ड रुळावर चालल्यासारखा, वळायलाच तयार नाही. हे कळायला एक अख्खी ट्रिप गेली. आता प्रत्येक बोर्ड आम्ही ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या कोल्ड रूममध्ये उणे १८ ला एक रात्र ठेवतो आणि सकाळी तिथंच पोलादी पट्टी आडवी ठेवून फट मोजतो. बाहेर ४१ डिग्री, आत आम्ही स्वेटर घालून बॅटरी धरून.

आता तुलनेबद्दल, कारण माझं सगळ्यात मनापासूनचं मत इथंच आहे. बोर्ड टेबलावर कळत नाही आणि एकटा चालवूनही कळत नाही, दुसऱ्याच्या शेजारी चालवला तरच कळतो. सुरुवातीला मी नवीन बोर्ड घेऊन जायचो, चार दिवस चालवायचो आणि खूश होऊन यायचो, कारण चार दिवसांत माणूसच बोर्डाला सरावतो. उस्तादनं पद्धत घालून दिली. एकच उतार, कोंगडोरीचा, बर्फ दाबून सपाट करणारं मशीन, स्नो बीटर, फिरून गेल्यावर सकाळी पहिल्यांदा. एकच बूट, एकच अंश, पुढचा पाय ६०, मागचा ५७. सगळ्यांना एकच वॅक्स, सगळ्यांच्या एजला एकच धार. वरची डिझाइन दिसू नये म्हणून प्रत्येकावर खाकी कागद चिकटवायचा. आणि पहिला रन, मधला रन, शेवटचा रन एकाच ठरलेल्या बोर्डावर, कारण सकाळी बर्फ काचेसारखा असतो आणि उन्हं चढली की मऊ, मग सुधारला तो बोर्ड की बर्फ हे कसं कळणार?

२०२३ च्या फेब्रुवारीत अशी पाच बोर्डांची तुलना केली, तीन सकाळी. दोन नंबर, नुसता ग्लासचा, १६८ सेंटिमीटर, साइडकटचा, म्हणजे कडेच्या आत गेलेल्या कमानीचा, रेडियस १२ मीटर. हा फार जिवंत, वळण संपताना माणसाला वर उचलून पुढच्या वळणात फेकतो, मऊ बर्फात मला आजही हाच आवडतो, पण कडक बर्फावर एज टकटकटक करत सुटतो. पाच नंबर, खऱ्या टायटॅनलचा. पहिल्याच वळणात शांतता. इतकी की मला वेग कळला नाही आणि खालच्या दोरीपाशी थांबताना पंचाईत झाली. त्याचा दोष म्हणजे एजवरून एजवर जायला आळशी, आणि नाक कडक असल्यानं वळणात शिरताना ढकलावं लागतं. सहा नंबरला आम्ही नाकाकडचं लाकूड जवळपास एक मिलिमीटर पातळ केलं आणि रेडियस पुढं लहान, मधे मोठा असा बदलता ठेवला. कागद काढायच्या आधीच मी आणि उस्ताद दोघांनीही त्यालाच बोट दाखवलं.

रेडियसचं एक सांगतो कारण गिऱ्हाईक इथं हमखास फसतं. १२ मीटर लिहिलंय म्हणजे वळण १२ मीटरचं येईल असं नाही. बोर्ड जितका कलवाल तितकं वळण लहान होतं, ६० अंश कलवला तर जवळपास निम्मं. म्हणून शिकाऊ माणसानं फार लहान रेडियसचा बोर्ड घेतला तर थोडा चांगला कलवायला लागल्याबरोबर बोर्ड त्याला गोल फिरवून उताराच्या वर तोंड करून उभा करतो.

आणि वजन. कॅनडाचा कॉइलर, कोलोराडोचा डॉनेक, ही छोटी नावाजलेली वर्कशॉपं वजन विचारूनच बोर्ड बनवतात, आम्हीही तेच करतो. पंचावन्न किलोच्या मुलीचा बोर्ड पंच्याऐंशी किलोच्या माणसाला दिला तर तो घडी होईल, उलटं केलं तर ती मुलगी बोर्डाला वाकवूच शकणार नाही, आणि वाकला नाही तर वळण कुठून येणार. हातानं बनवायचा खरा फायदा हाच, गाभ्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरनं इकडंतिकडं करता येते. आत्तापर्यंत आम्ही एकतीस बोर्ड दिलेत. जास्त गुलमर्ग आणि उत्तराखंडच्या औलीला शिकवणाऱ्यांना, काही परदेशातून आलेल्यांनी इथंच ऑर्डर देऊन नेले. वर्षाला सहा-सातच्या वर मी घेत नाही कारण पहाटेचे थंड दिवस तेवढेच मिळतात आणि प्रत्येक बोर्ड मला स्वतःला दोन रन तरी चालवून मगच द्यायचा असतो.

अण्णा आता चौऱ्याहत्तरचे. पहिल्या बोर्डाच्या वेळी मागं उभं राहून "काय करलालास बे हे, उन्हाळ्यात बर्फाची गाडी?" असं विचारायचे, मग हळूहळू एजवरून अंगठा फिरवायला लागले, आणि दोनदा तर त्यांनी पकडलेली उकल मला भिंगातूनही दिसली नव्हती. गेल्या फेब्रुवारीत त्यांना गुलमर्गला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ. वर सोलापुरी चादर पांघरलेली, त्यावर भाड्याचा जाड कोट, घरच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत. मी सहा नंबरवरनं खाली आलो तर ते माझ्याकडं बघतच नव्हते, उस्तादचा हात धरून उतारावर थोडं वर चढले आणि मी काढलेल्या रेघेपाशी बसले. हातमोजा काढून रेघेत अंगठा घातला, तसाच पुढं पुढं सरकत गेले. वळणाच्या शेवटाला थांबले आणि मला हाक मारली.

"इथपर्यंत धार आहे. इथं बघ, रुंद झालीय. मागचं टोक सुटतंय तुझं."

बघितलं तर खरंच, शेवटच्या हातभर लांबीत रेघ दुप्पट रुंद. दुसऱ्या दिवशी परत चालवला, तिथंच सुटला. सोलापूरला आल्यावर शेपटीकडं तिरक्या ग्लासची एक पट्टी वाढवली आणि तो झाला सात नंबर.