पट्टीचं नाव काढायचं नाही

गेल्या शनिवारी ट्रेनिंग संपलं एकदाचं. सात आठवडे, निम्मं ऑनलाइन निम्मं पुण्यात, कोल्हापूर-पुणे एसटीनं कंबर पार ढिली झाली. विषय काय, तर आम्हा लॅबवाल्यांनी आपलं संशोधन पेशंटपर्यंत कसं न्यायचं, म्हणजे सरळ बोलायचं तर धंदा कसा करायचा. मी पीएचडीला कायटोसानची पट्टी बनवलीय (कोळंबीच्या टरफलापासून काढतात ते), शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमेवर लावायची. उंदरांवर रिझल्ट एक नंबर, दोन पेपर पण झाले, त्यामुळं मी जरा हवेतच होतो.

पहिल्याच दिवशी मेंटर मॅडम म्हणाल्या, शंभर जणांना भेटा आणि पट्टीचं नावसुद्धा काढू नका. फक्त विचारा, तुमचं काम कसं चालतं, कुठं अडतं. ही पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आय-कॉर्प्सची (संशोधकांना धंदा शिकवणारा कार्यक्रम), 2011 पासूनची. मला वाटलं हे तर सर्व्हेवाल्या पोरांचं काम. शंभर काय झाले नाहीत, एकसष्टवर दम तुटला.

पण त्यातला सतरावा माणूस डोक्यातून जात नाही. इथल्याच एका दवाखान्यात ड्रेसिंग रूमबाहेर बाकड्यावर बसलेला, राधानगरीकडचा, पायाच्या बँडेजवर दुधाची पिशवी चढवून वरनं रबर. सिस्टरनी दिवसाआड बोलावलेलं, हा आला सहा दिवसांनी. का, तर रोप लावण चालू होती. म्हटलं, काका, पाय ओला करायचा नाही ना, तर हसून म्हणाले, "चिखलात उतरल्याशिवाय भात लागतंय व्हय?" शुगरनं पायाची जाणीवच गेलेली, दुखत नाही म्हणजे बरं आहे असाच हिशोब. सिस्टरनी पिशवी काढली, आत गॉज भिजून चिकटलेला, सलाईन थेंब थेंब सोडत सोडत वीस मिनिटं तो सोडवला. आणि मग मला म्हणाल्या, "सर, जखम भरायचं नंतर बघू, आधी पेशंट परत येतोय का ते बघा."

माझी पट्टी दर चोवीस तासांनी बदलायची आहे. पेपरमध्ये तसंच लिहिलंय, आणि ते आम्ही अभिमानानं लिहिलंय! घरी येऊन बादलीत माती कालवली, पट्टी टाकली, दोन तासांत तिचा लगदा. इन्क्युबेटरमध्ये 37 डिग्रीला कुठला आलाय चिखल.

बाकी ट्रेनिंगमध्ये कागदपत्रांचं पण होतं, ते लेक्चर कंटाळवाणं पण कामाचं. 2017 च्या मेडिकल डिव्हाइस रूल्समध्ये कमी धोक्यापासून जास्तीपर्यंत ए, बी, सी, डी असे चार वर्ग, सी आणि डी ला लायसन्स थेट केंद्राकडनं, आणि पट्टीत औषध मिसळलं की मामला आणखी कडक. मी त्यात अँटिबायोटिक घालणार होतो, कारण पेपर चांगला झाला असता. आता नाही घालत. पेटंटचं मात्र ऐकून पोटात गोळा आला, आधी अर्ज मग जाहीर करायचं असतं, आणि मी अर्ज न करताच एका कॉन्फरन्सला पोस्टर लावून, शेजारी उभा राहून, येईल त्याला रेसिपी सांगत बसलेलो. त्यातनं किती वाचतंय ते एजंट बघतोय.

बायरॅकच्या (बायोटेकमधल्या नव्या कल्पनांना पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था) बिग ग्रँटचा (50 लाखांपर्यंत मिळतात, 18 महिन्यांसाठी) अर्ज अर्धा लिहून ठेवलेला, त्यातलं 'चोवीस तास' खोडून 'पाच दिवस, ओल्यात' असं लिहिलंय. गाईड सर म्हणाले, अरे हा तर नवीनच प्रोजेक्ट झाला. झाला खरा.

सध्या मागच्या गॅलरीत चार बादल्या आहेत, वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या आणि राधानगरीहून आणलेली माती. आईनं विचारलं हे काय लावलंयस, म्हटलं भात.