प्लास्टरच्या आधी ठरवलेले स्पीकर

टीव्हीभोवतीचे स्पीकर दिसले तरी चालतील, वायर दिसता कामा नये, एवढीच माझी मागणी. वायरमनने लगेच विचारलं, "पॉइंट कुठे देऊ, सांगा." तिथेच गाडी अडली. स्पीकरची जागा ठरते बसण्याच्या जागेवरून, आणि सोफा कुठल्या भिंतीला लागणार यावर घरात एकमत नव्हतं. ते झाल्यावरच काम पुढे सरकलं.

विटांचं काम झालं होतं, प्लास्टर बाकी होतं. कोब्यावर खडूने सोफा आखला, मधल्या जागेवर खुर्ची ठेवली आणि कोन मोजले. पुढचे दोन स्पीकर खुर्चीच्या सरळ समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना 30 अंशांच्या आत, मागचे दोन 110 ते 120 अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. उजवीकडचा मागचा स्पीकर नेमका दाराच्या चौकटीवर येत होता. सोफा थोडा पुढे ओढला, जमलं.

खरा घोळ वायरच्या लांबीचा. ॲम्प्लिफायरपासून मागचा स्पीकर सरळ मोजला तर जवळ वाटतो. पण भिंतीत लांब आडवी खाच घेतली की भिंत कमकुवत होते, म्हणून वायर उभी वर चढवायची, फॉल्स सीलिंगवरून न्यायची आणि पलीकडे उभी खाली उतरवायची. ही वाट 15 मीटरची निघाली. जाऊन-येऊन 30 मीटर तांबं. 1.5 चौरस मिमीच्या वायरला एवढ्यात साधारण 0.35 ओहम रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, येतो. वायरचा रोध स्पीकरच्या ओहमच्या आकड्याच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवावा असा अंदाज वापरतात. माझे स्पीकर 6 ओहमचे, म्हणजे मर्यादा 0.3. म्हणून मागे 2.5 चौरस मिमी, पुढे 1.5 पुरली. दोन्ही शुद्ध तांब्याच्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत जास्त रोध देते, तिचं टोक खरवडलं की आतलं पांढरं दिसतं.

"लाइटच्याच पाइपातून नेऊ की, जागा आहे." वायरमनच्या या म्हणण्यावर मात्र मी हटून बसलो. विजेची लाइन आणि स्पीकरची वायर एका पाइपात नको. सुरक्षेसाठीही नको आणि घरघर ऐकू येऊ नये म्हणूनही नको. वेगळा पाइप, दोन्हींत सुमारे 30 सेंमी अंतर, आणि जिथे ओलांडावंच लागलं तिथे काटकोनात. सबवूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची केबल तर क्षीण सिग्नलची, तिला हे नियम जास्तच लागू. ती शील्डवाली, म्हणजे बाहेरची घरघर अडवणारं धातूचं आवरण असलेली घेतली.

टीव्हीकडे 40 मिमीचा पाइप मोकळाच टाकला, आत फक्त ओढतार, म्हणजे नंतर केबल ओढून घ्यायची तार. टीव्हीला चित्र आणि आवाज देणाऱ्या एचडीएमआय केबलचं तोंड बारीक पाइपाच्या वळणावर अडकतं आणि ती केबल कधी ना कधी बदलावी लागतेच. एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, न लावता पाइप मोठ्या गोलाईत वाकवायला लावला. वायरमन वैतागला, मग स्वतःच स्प्रिंग घालून छान वाकवून दिला.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. वायरच्या दोन्ही टोकांना एकच नाव लिहिलं.

रंग झाल्यावर तपासणी 1.5 व्होल्टच्या सेलने केली. धन टोक धनाला क्षणभर टेकवलं की स्पीकरचा पडदा बाहेर यायला हवा. पुढचा डावा आत गेला. प्लेटमागे तारा उलट बसल्या होत्या. बदलल्या आणि प्लेट लावून टाकली.