कोकणातल्या जुन्या जिप्सीची तपासणी : पहिले तीन आठवडे

गुहागर तालुक्यातील एका आंबा बागायतदाराकडून २००९ सालची मारुती जिप्सी किंग मी मार्चमध्ये विकत घेतली आणि धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून दाभोळमार्गे दापोलीत घरी आणली. बागेतून पेट्या मुख्य रस्त्यापर्यंत आणण्यासाठी ती वापरली जात होती. पंधरा वर्षांची मूळ नोंदणी संपल्यावर आधीच्या मालकांनी ती पुढील पाच वर्षांसाठी रीतसर नूतनीकृत करून घेतली होती, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० वरील सह्यांपुरताच उरला. चासीवर ठोकलेला क्रमांक मात्र मी पेन्सिलीची छाप घेऊन नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहिला, कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांत गंजाने हे अंक खाल्लेले असतात आणि पुढच्या हस्तांतरणात त्यावरून अडचण होते.

१९८५ साली ९७० सीसीच्या इंजिनासह आलेली जिप्सी १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘किंग’ झाली आणि २००० मध्ये तिला मल्टिपॉइंट इंधनप्रणालीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन मिळाले. माझ्या गाडीत तेच ८० अश्वशक्तीचे इंजिन आहे. बहुतेक खरेदीदार बॉनेट उघडून तपासणी सुरू करतात. मी ती गाडीखाली झोपून सुरू केली आणि कोकणात हाच क्रम योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. या इंजिनाचे सुटे भाग अजून सहज मिळतात, चांगला मिस्त्री ते दोन दिवसांत उतरवून बसवतो. पण आतून कुजलेली चासी पुन्हा भरवशाची करणे फार खर्चाचे आणि पुष्कळदा अशक्य असते.

खाऱ्या हवेतील मीठ पत्र्यावर नुसते बसून राहत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून विरघळते. आपल्याकडे वर्षातील बहुतेक रात्री आर्द्रता त्याहून अधिक असते, म्हणजे पाऊस नसतानाही चासी रोज रात्री खारट पाण्याच्या पातळ थराने ओली होते. त्यातच जिप्सीची चासी पेटीसारखी बंद असल्याने तिच्या भोकांतून आत गेलेली तांबडी माती तळाशी साचते आणि ओल धरून ठेवते. म्हणून बाहेरून स्वच्छ दिसणारा भाग आतून पोखरलेला असू शकतो. गाडी विकण्याआधी खालून ताजा काळा लेप मारलेला दिसला, तर तो काळजीचा पुरावा न मानता अधिक खोल तपासणीचे कारण मानावे.

माझ्या गाडीला असा लेप नव्हता, हे आधीच्या मालकांच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण म्हटले पाहिजे. दोनशे ग्रॅमची हातोडी घेऊन मी दोन्ही बाजूंच्या चासीवर इंच इंच ठोकत गेलो. धड पोलादाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी तो बद्द होतो. डाव्या बाजूला पुढपासून मागपर्यंत आवाज स्वच्छ होता; उजव्या बाजूला मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) शॅकलच्या, म्हणजे त्यांना चासीशी जोडणाऱ्या कडीच्या वर, साधारण तळहाताएवढ्या जागेत तो बसला आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबताच आत गेले. आतून मूठभर कोरडी माती आणि गंजाचे पापुद्रे बाहेर आले. याच ठिकाणी गाडीच्या मागच्या कोपऱ्याचा भार पाट्यांमधून चासीवर येतो, त्यामुळे हे भोक दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते.

दापोलीतील मिस्त्रींनी कुजका भाग पूर्ण कापून काढून, मूळ पोलादाच्या जाडीचा तुकडा बसवून तो सलग वेल्ड केला. जुन्या गंजावरच वरून पत्र्याचे ठिगळ लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. तीत ठिगळाच्या मागे गंज पूर्वीसारखाच वाढत राहतो आणि पुढच्या तपासणीत तो दिसतही नाही. वेल्डिंगपूर्वी आम्ही बॅटरी सोडवली आणि मागे असलेली पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. टाकी उतरवण्यात अर्धा दिवस गेला. तो वाचवण्याचा विचार कोणीही करू नये, कारण अर्धी रिकामी टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक ठरते.

दुसरी गोष्ट मला सर्वांत अधिक शिकवून गेली. व्यवहाराच्या वेळी आधीचे मालक म्हणाले होते, “फोर व्हील लागतो, पण काढताना लिव्हर घट्ट होतो, जरा ताकद लावावी लागते.” फोर व्हील लावल्यावर इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीत, म्हणजे ट्रान्स्फर केसमध्ये दोष असेल असे गृहीत धरून मी तो उघडण्याच्या तयारीत होतो. जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला जोडलेला नसतो. तो वेगळा, तीन रबरी माउंटांवर टांगलेला असतो आणि दोहोंमध्ये एक आखूड शाफ्ट असतो, त्यामुळे तो उतरवणे तुलनेने सोपे आहे. तरीही पाना हातात घेण्यापूर्वी मी चारही टायरांवरचे आकडे वहीत उतरवले आणि कारण तिथेच सापडले. पुढचे टायर २०५/७० आर १५ मापाचे होते आणि मागचे २१५/७५ आर १५ मापाचे.

गणित केले तर पुढच्या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर येतो आणि मागच्याचा सुमारे ७०३, म्हणजे फरक पाच टक्क्यांहून अधिक. जिप्सीमध्ये फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना थेट जखडले जातात, दोहोंच्या मध्ये त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नसते. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरत असताना मागची चाके प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापतात, पुढची कमी. मातीवर चाके थोडी घसरून हा फरक मोकळा करतात. कोरड्या डांबरावर तो मोकळा व्हायला वाव नसतो, म्हणून सगळ्या शाफ्टांत आणि गिअरांत पीळ साठत जातो आणि त्या पिळाखाली लिव्हर निघत नाही. चारही टायर एकाच मापाचे असले तरी कोरड्या रस्त्यावर वळण घेताना हे काही प्रमाणात घडतेच. इथे ते सरळ रस्त्यावरही घडत होते. लिव्हर अडकल्यास ताकद न लावता गाडी काही मीटर सरळ मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो.

चारही टायर २०५/७० मापाचे बसवले आणि चिरेखाणीकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेवर गाडी नेली. थांबून पुढचे दोन्ही हब, म्हणजे चाकांना अॅक्सलशी जोडणारे मधले भाग हाताने लॉक केले, आधी फोर व्हीलचा हाय (नेहमीच्या वेगाचा) आणि मग पूर्ण थांबून लो (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा) गिअर लावला. लिव्हर एका बोटाने पुढेमागे झाला. वेग सोडताना मात्र ट्रान्स्फर केस किंचित हलल्याचा धक्का जाणवला. खालून पाहिले तेव्हा तीनपैकी एका माउंटचे रबर धातूपासून सुटलेले दिसले. तिन्ही माउंट एकदम बदलायचे ठरवले आहे.

गिअरबॉक्सचे तेल स्वच्छ होते. मागच्या अॅक्सलचे तेल मात्र दुधाळ निघाले, म्हणजे त्यात पाणी गेले होते. बागेच्या वाटेवर एक वहाळ आहे, त्यातून ही गाडी पावसाळ्यात रोज जात असे. गरम झालेला अॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर, म्हणजे अॅक्सलमधील हवा आतबाहेर होण्याचे तोंड तुंबलेले असेल तर ती सीलच्या कडेने पाणी आत ओढते. आमचा ब्रीदर मातीने पूर्ण बंद होता. तो साफ करून त्याला लांब नळी जोडली आणि तिचे तोंड बॉडीच्या उंचीपर्यंत वर नेले. तेल बदलून पन्नास किलोमीटर चालवले आणि पुन्हा बदलले, कारण एकदा बदलून सगळे पाणी जात नाही.

पुढची चाके उचलून टायर वरखाली हलवल्यावर उजव्या चाकात ढिलाई जाणवली. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावरही ती कायम राहिली, म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये नसून चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनमध्ये आहे. अॅक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या सांध्यातून, म्हणजे नकलमधून ग्रीसबरोबर गिअर ऑइलही झिरपत असल्याने आतले सीलही गेलेले आहे. ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील. अॅक्सलवरचे ब्रेकचे धातूचे पाइप गंजून खरखरीत झाले होते, ते मी लगेच बदलले. इंजिनाच्या चारही सिलिंडरांतील दाब एकमेकांपासून दहा पौंडांच्या आत आला. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसल्याने तो, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच नवे बसवले.

पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जुने काळे तेल फवारण्याची प्रथा इकडे आहे. मी ती पाळणार नाही, कारण ते रबरी बुश फुगवते, दोनचार जोरदार सरींत धुऊन जाते आणि शेवटी विहिरीच्या पाण्यात मिसळते. चासीच्या भोकांतून आतली माती पाण्याच्या झोताने धुऊन आठवडाभर उन्हात वाळवली आहे, आता आत पातळ मेण फवारून तळाची पाणी निघण्याची भोके उघडी ठेवायची आहेत. किंगपिनचे बेअरिंग आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) मागवले आहेत. ते मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतील. तोपर्यंत गाडी घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) उभी आहे.