कास्तिल्योनेच्या चर्चमधले पाचशे जखमी

मुलगी मिलानला शिकते. मागच्या मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेले तेव्हा तिने विचारलं, "आई, आधी व्हेनिस की फ्लॉरेन्स?" मी म्हटलं, सोल्फेरिनो. तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मला मात्र नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ते पाठ आहे. परीक्षेत रेडक्रॉसवर टीप हमखास यायची आणि '१८५९, सोल्फेरिनो, हेन्री ड्युनंट' आम्ही पाढ्यासारखं घोकायचो. पुढे एकतीस वर्षं नगरच्या रुग्णालयांत ड्यूट्या केल्या, गेल्या वर्षी निवृत्त झाले. ते गाव एकदा डोळ्यांनी बघायचं, हे मनात कधीचं होतं.

मिलानहून रेल्वेने देसेन्झानो आणि तिथून बसने सोल्फेरिनोजवळचं कास्तिल्योने. गार्दा सरोवराच्या दक्षिणेला बुटक्या टेकड्यांचा मुलूख आहे. द्राक्षाचे मळे, सरूची झाडं, मधूनच एखादा मनोरा. नाशिककडच्या माणसाला मळे बघून घरच्यासारखं वाटेल. याच टेकड्यांवर २४ जून १८५९ला सुमारे तीन लाख सैनिक एकमेकांना भिडले. एकीकडे फ्रान्सचा तिसरा नेपोलियन आणि सार्डिनियाचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल, दुसरीकडे ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ. दिवस मावळला तेव्हा मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंनी सुमारे ४०,००० माणसं गमावली होती.

ड्युनंट त्याच संध्याकाळी कास्तिल्योनेत पोचला. तो डॉक्टर नव्हता आणि सैनिकही नव्हता. जिनिव्हाचा एकतीस वर्षांचा व्यापारी. अल्जीरियात त्याची गिरणी आणि जमीन होती, त्याची परवानगी अडली होती म्हणून तिसऱ्या नेपोलियनला गाठायला निघालेला. अंगात पांढरे कपडे. जखमी त्याला 'पांढऱ्या कपड्यातला माणूस' म्हणायला लागले. पुढच्या तीन दिवसांत गावात सुमारे ९,००० जखमी आणले गेले. घरं, मठ, चर्च, रस्ते, सगळं भरलं.

गावात पालाझ्झो लोंगी नावाच्या जुन्या वाड्यात रेडक्रॉसचं संग्रहालय आहे, लढाईच्या शताब्दीला १९५९मध्ये सुरू झालेलं. लाकडी चाकांच्या, घोडे जुंपायच्या रुग्णगाड्या, स्ट्रेचर, शस्त्रक्रियेची हत्यारं. मुलगी पुढच्या दालनात गेली तरी मी एका गाडीपाशीच उभी होते. मांडीचं हाड मोडलेला माणूस त्या गाडीत घालून खडकाळ रस्त्याने नेताना त्याचं काय होत असेल, ते मला समोर दिसत होतं. फ्रॅक्चरचा पेशंट नुसता ट्रॉलीवरून खाटेवर घेतानाही कसा ओरडतो, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.

गावातल्या बायकांनी काय केलं ते ड्युनंटने लिहून ठेवलंय. त्या पाणी घेऊन फिरल्या, जखमा धुतल्या, पट्ट्यांसाठी घरातलं कापड फाडलं. पोरं बादल्या भरभरून पाणी आणत होती. फ्रेंच, ऑस्ट्रियन, इटालियन असा भेद त्यांनी केला नाही. 'तुत्ती फ्रातेल्ली' म्हणत राहिल्या, म्हणजे सगळे भाऊच. ड्युनंटने आपली बग्गी ब्रेशाला पिटाळून लिंबं, संत्री, साखर, सदरे, स्पंज, बँडेजचं कापड, तंबाखूसुद्धा मागवली. पकडलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना कामाला लावण्याची परवानगीही मिळवली.

पण माझ्या मते त्याचं मोठेपण दयेत नाही. दया तर त्या बायकांनीही केली, आणि त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. ड्युनंटने घरी जाऊन पुढचा प्रश्न विचारला: आधीपासून तयारी का नव्हती? मन असून हात शिकलेले नव्हते, सामान नव्हतं, म्हणून वाचू शकणारी माणसं गेली. आम्हाला वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर पहिल्याच आठवड्यात बजावायच्या, पेशंट दारात आल्यावर ट्रे लावायला घ्यायचा नाही, ट्रे आधीच लावलेला पाहिजे. ड्युनंटने हेच सगळ्या जगाला सांगितलं. १८६२मध्ये स्वतःच्या पैशाने पुस्तक छापलं आणि देशोदेशीच्या सत्ताधाऱ्यांना पाठवलं. प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवक तयार करून ठेवा आणि त्यांना युद्धात हात लावायचा नाही असा करार करा, एवढंच त्याचं मागणं.

फेब्रुवारी १८६३मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती बसली: वकील मोयनिए, जनरल द्युफूर, डॉक्टर आपिया, डॉक्टर मोनुआर आणि ड्युनंट. हीच पुढे रेडक्रॉस झाली. २२ ऑगस्ट १८६४ला बारा देशांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. जखमी कुठल्याही बाजूचा असो, त्याला उचलायचं आणि उपचार करायचे. रुग्णालयं आणि डॉक्टर तटस्थ.

त्यानंतर तीनच वर्षांत ड्युनंटचं दिवाळं निघालं. समितीतून त्याला काढलं, तो जिनिव्हा सोडून गेला तो कायमचा. पुढे हायडेन नावाच्या स्विस गावातल्या रुग्णालयात खितपत असताना १८९५मध्ये एका पत्रकाराने त्याला शोधून काढलं. १९०१चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला फ्रेडरिक पासीबरोबर मिळालं. मरताना त्याने त्या रुग्णालयात गरिबांसाठी एक मोफत खाट ठेवायची तजवीज केली. या एका खाटेबद्दल मला त्याच्याविषयी सगळ्यात जास्त आपुलकी आहे.

कास्तिल्योनेचं मोठं चर्चही बघायचं होतं, पण दुपारी ते बंद असतं, म्हणून टॅक्सीने सोल्फेरिनो गाठलं. तिथल्या सान पिएत्रो चर्चमध्ये लढाईत मेलेल्यांची हाडं गोळा करून ठेवली आहेत. भिंतभर कवट्या, १,४००हून जास्त. कोण कुठल्या फौजेचा, ते ओळखायला मार्ग नाही. मुलगी लगेच बाहेर गेली. मी थोडा वेळ थांबले, हात जोडले.

वर टेकडीवर, सरूच्या रांगेतून गेलं की रेडक्रॉसचं स्मारक लागतं. देशोदेशीच्या नावाच्या संगमरवरी पाट्या. आपलं नाव शोधताना मला नगर आठवलं. पहिल्या महायुद्धात आमच्या नगरला जर्मन कैद्यांची छावणी होती आणि १९१७मध्ये रेडक्रॉसचे प्रतिनिधी ती बघायला जिनिव्हाहून थेट तिथवर आले होते. त्या काळात, भर युद्धात, एवढ्या लांब! हे मी मुलीला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ती म्हणाली, "बरं झालं आलो."

दरवर्षी जूनमध्ये हजारो स्वयंसेवक मशाली घेऊन इथून कास्तिल्योनेपर्यंत चालत जातात, जखमी ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्याने. आम्ही टॅक्सीनेच परतलो.

संध्याकाळी कास्तिल्योनेचं चर्च उघडलं होतं. आत थंडगार, दोन-तीन म्हाताऱ्या बसलेल्या. ड्युनंट लिहितो, इथे जवळजवळ पाचशे जखमी कोंबले होते आणि बाहेर पेंढ्यावर, कनातीच्या सावलीत, आणखी शंभर. माझा वॉर्ड चाळीस खाटांचा होता. दोन सिस्टर असल्या तरी रात्री पळापळ व्हायची. मी बाकावर बसून मोजायला लागले. या खांबापासून त्या खांबापर्यंत किती माणसं आडवी मावतील, मधून चालायला वाट कुठून सोडायची, पाण्याच्या बादल्या कुठे, पहिला ट्रे कुठे लावायचा.

"आई, बस निघेल," मुलगी म्हणाली. माझे अजून दीडशे राहिले होते.